बोडीत सोडलेले जिवाणू

माझे बाबा माझ्याशी तीन वर्षं खोटं बोलले. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला. गावात कुणालाही विचारा, बाबांसारखा सरळ माणूस नाही असंच सांगतील, आणि मीही तेच सांगत आले होते. ते खोटं बोलले ते माझ्यावरच्या मायेपोटी, हेही खरं. पण त्या मायेपायी शेजारच्या काकीच्या दोन बांध्या, म्हणजे भातखाचरं, पिवळ्या पडल्या, आणि चारचौघांत तिलाच दोष देणारी मी होते. माझा राग अजून गेलेला नाही. तो जावा अशी फारशी इच्छाही नाही.

आमचं गाव केशोरीच्या पुढे, इटियाडोह धरणाचं पाणी जिथं शेवटी शेवटी पोचतं त्या टोकाला. घरी धानाची शेती. आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या तलाव बांधले, बोड्या म्हणजे शेताजवळची लहान तळी खोदली, त्यामुळे पाण्यातलं सगळं आपल्यालाच कळतं असा एक ताठा आमच्या घरात आहे. मी बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेव्हा बाबांना विषय कळला नाही, पण पाण्याशी संबंध आहे एवढं ऐकून ते खूश झाले. ‘पोरगी जंतूचं शिकून रायली’ असं ते बस स्टँडवर अनोळखी माणसालाही सांगत. कॉलेज गोंदियाला, राहायला तिथल्याच मुर्री भागात एक खोली. घरमालकीणबाई मला रोज विचारायच्या, ‘बिटिया, इस कीड़े-मकौड़े की पढ़ाई में नौकरी लगती है क्या?’ मी हसून वेळ मारून नेत असे.

पहिल्या वर्षी मॅडमनी खोलगट काचपट्टीवर पाण्याचा थेंब उलटा लटकवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला शिकवलं. मी डोळा लावला आणि ओरडलेच, ‘मॅडम, चालताहेत!’ त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ही धूळ आहे. पाण्यात धूळही थरथरते. थरथरणं म्हणजे चालणं नाही. जो एका जागेहून निघतो, वळतो, दुसरीकडे पोचतो, तो पोहतोय असं म्हणायचं.’ वर्ग हसला. त्या दिवसापासून मी थेंबाकडे बघत बसायची सवय लावून घेतली, इतकी की शेवटच्या वर्षापर्यंत थरथर आणि पोहणं यांतला फरक मला नुसत्या एका नजरेत कळायला लागला.

शेवटच्या वर्षीच मला ॲझोस्पिरिलम भेटला. धानाच्या मुळांवर राहणारा जिवाणू. एकच पेशी, जरा वाकडी, गुबगुबीत. बाहेर भिंत, भिंतीच्या आत एक पातळ पडदा, पडद्याच्या आत रस, आणि त्या रसात जनुकांचा एक गुंता, वेगळं केंद्रक वगैरे काही नाही. पोटात चरबीचे चमकदार ठिपके, अडीअडचणीला साठवलेले. एका टोकाला शेपटीसारखी एक कशाभिका, ती भोवऱ्यासारखी फिरवत तो गिरक्या घेत जातो. मला त्याचं सगळ्यात आवडलं ते त्याचं अडचणीत असणं. त्याला श्वासाला ऑक्सिजन लागतो, पण हवेतला नायट्रोजन पकडून पिकाला देण्यासारखा करणारं त्याचं जे विकर आहे, ते ऑक्सिजन जास्त झाला की बिघडतं. मग तो काय करतो? पोहत पोहत अशी जागा शोधतो, जिथं ऑक्सिजन आहे पण जेमतेम. अर्धवट घट्ट खाद्याच्या नळीत त्याला सोडलं, तर दोन-तीन दिवसांनी पृष्ठभागाच्या जरासं खाली एक पांढरा पदर दिसतो. ना वर, ना तळाशी. लाखो पेशींनी आपापलं पोहत येऊन तीच जागा गाठलेली असते. मी त्या नळीच्या प्रेमात पडले, असं म्हटलं तरी चालेल.

एम.एस्सी. झाल्यावर नागपूरला एका औषधांच्या कंपनीत थोडे दिवस नोकरी केली. तिथं दिवसभर जंतू नाहीत हे सिद्ध करायचं काम होतं. कंटाळून परत आले. घरातली धानाची कोठी हलवून एक खोली मोकळी केली. कॉलेजनं काढून टाकलेला एक सूक्ष्मदर्शक मॅडमनी मिळवून दिला, निर्जंतुक करायला मोठा प्रेशर कुकर घेतला, आणि मी ॲझोस्पिरिलम वाढवून कोळशाच्या भुकटीत मिसळून त्याची पाकिटं करायला लागले. उकळून गार केलेल्या गुळाच्या पाण्यात पाकीट मिसळायचं, रोवणीच्या म्हणजे लावणीच्या आधी पऱ्ह्यांच्या, कोवळ्या रोपांच्या, जुड्यांची मुळं त्या पाण्यात बुडवून ठेवायची, मग लावायची, एवढं सोपं काम. पाकीट मात्र सावलीत ठेवायचं, कारण आत जीव आहेत.

पहिली पाकिटं अर्थातच बाबांना दिली. त्या वर्षी आमची नहराकडची, कालव्याला लागून असलेली, बांधी बघण्यासारखी झाली. लोंब्या भरलेल्या, पानं हिरवीगार. बाबा मला हाताला धरून बांधावर घेऊन गेले आणि आल्यागेल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘एक मूठ युरिया नाही टाकला. हे सारं माह्या पोरीच्या जंतूनं केलं.’ दुसऱ्या वर्षीही तेच.

आता माझी चूक सांगते. मॅडमनी स्पष्ट शिकवलं होतं की या जिवाणूंनी युरिया थोडा कमी करता येतो, बंद करता येत नाही. ते माझ्याच अक्षरात माझ्याच वहीत होतं. पण समोर बाबांची बांधी उभी होती. पुस्तक लिहिणाऱ्यानं आमची माती कुठे पाहिली, असं मला वाटलं. आमच्या घरातला तो ताठा इथे कामाला आला. तिसऱ्या वर्षी मी बचत गटाच्या बायकांना समाज मंदिरात बसवून सांगितलं, ‘युरिया टाकायची गरजच नाही. बाबांची बांधी बघा.’ बायकांनी माना डोलावल्या. पाकिटं घेतली, कपाळाला लावली, गेल्या.

थांबली ती काकी. तिची शेती आमच्या बांधाला लागून. काका गोंदियाला राइस मिलमध्ये, रविवारी येणार आणि सोमवारी पहाटे जाणार, त्यामुळे नांगरापासून मळणीपर्यंत सगळं तिच्या अंगावर. तिनं मला प्रश्न विचारून हैराण केलं. गुळाचं पाणी उकळून गार करायचं म्हंजे किती गार? बोट बुडवलं तं गरम लागाले नको का, का कोमट चालते? पाकीट माठाजवळ ठेवू? जुड्या किती वेळ बुडवू? मी म्हटलं, ‘काकी, परीक्षा माझी आहे का?’ ती म्हणाली, ‘जीव हाय म्हनतेस ना त्यात. मंग नीट समजून घेतलेलं बरं.’

श्रावण सरता सरता गावातल्या बाकी बांध्या हिरव्या होत्या आणि काकीच्या पिवळ्या. आधी जुनी पानं, मग वरची. ती रोज बांधावर उभी राहून बघायची, पण माझ्याकडे आली नाही. शेवटी बायकांच्या बैठकीत कुणीतरी विषय काढला, ‘काऊन वं, तुयंच कसं पिवळं पडलं?’ सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. बाबा दाराशी उभे होते.

मी काय करायला हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा मला फक्त माझे जिवाणू वाचवायचे होते. मी विचारलं, ‘काकी, गुळाचं पाणी गरम असताना तर नाही ना मिसळलं?’ ती गोंधळली. ‘गार केलं होतं ना... बोट बुडवून पाह्यलं होतं...’ मी मास्तरणीसारखी म्हणाले, ‘बोटाला सोसतं तेवढं गरमही त्यांना सोसत नाही. पेशीचा पडदा फाटतो, आतली विकरं शिजतात. मेलेल्या जिवाणूंनी काय काम करायचं?’ सगळं बरोबर शास्त्र होतं ते, आणि सगळं चुकीच्या माणसाला सुनावलेलं. ‘माह्याच हातानं मेले असतील मंग,’ काकी म्हणाली. त्या दिवसापासून बायका तिला जंतुमारी म्हणायला लागल्या. थट्टेनंच, पण विहिरीवर, दुकानात, सगळीकडे. बाबांनी दारातून सगळं ऐकलं आणि ते काही बोलले नाहीत.

मला वाटलं, नुसतं सांगून भागणार नाही, दाखवायला हवं. जिवंत कसे दिसतात आणि मेल्यावर काय होतं, हे बायकांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या वर्षी कुणी चुकणार नाही. म्हणून बाबांच्या नहराकडच्या बांधीतून चार रोपं उपटून आणली आणि काकीच्या बांधीतून चार. मुळं धुतली, तुकडे केले, अर्धवट घट्ट खाद्याच्या नळ्यांत टाकले. त्या खाद्यात नायट्रोजन नसतोच. ज्याला तो हवेतून घेता येतो तोच तिथं तग धरतो, आणि वाढता वाढता नळीतला हिरवा रंग निळा करतो. नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: बाबा, काकी.

तिसऱ्या दिवशी काकीच्या चारही नळ्या निळ्या होत्या. पृष्ठभागाखाली तोच पांढरा पदर. बाबांच्या नळ्या जशाच्या तशा हिरव्या.

चिठ्ठ्या बदलल्या असणार, असं म्हणून मी पुन्हा रोपं आणली. या वेळी दोन्हींच्या नळ्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या. उत्तर तेच. बाबांच्या एका नळीत पाचव्या दिवशी पुसटसं काही दिसलं, पण तेवढे जिवाणू कुठल्याही बांधीत आपोआप असतात. काकीच्या नळीतला पदर काढून मी थेंब लटकवला. गुबगुबीत, वाकडे, पोटात ठिपके, गिरक्या घेत इकडून तिकडे जात होते. थरथर नव्हती ती, पोहणं होतं. काकीनं एकही मारला नव्हता. मी सांगितलं तसं, शब्द न् शब्द, तिनं केलं होतं, युरियाही टाकला नव्हता.

बाबा गोठ्यात बैलाला पेंड घालत होते. मी विचारलं, ‘बाबा, पाकिटं कोणत्या बांधीत वापरली?’

‘नहराकडच्या.’

‘तिथल्या मुळांवर काहीच नाही.’

ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘बोडीत सोडले.’

‘काय सोडलं?’

‘तुये जंतू. पाकिटं. तिन्ही साल.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ‘तुया हातचे होते, उकिरड्यावर कसे टाकू? देवाचे फुलं सोडतो तसे सोडले. हात जोडून सोडले.’

‘आणि युरिया?’

‘दरसाल टाकतो तेवढाच टाकला. पहाटे टाकत होतो, तू उठाच्या आधी.’

‘काऊन बाबा?’ घरात मी सहसा अशी बोलत नाही, पण त्या वेळी दुसरा शब्द तोंडात आला नाही.

‘तुयं मन राखलं पोरी. नोकरी सोडून आली तू. तुयं नसतं जमलं तं लोकं हासले असते.’

‘आणि काकीच्या बांध्या?’

यावर त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. ‘मले का मालूम ते बाई खरंच मानंल म्हनून! सारं गाव समजते. ते एकटीच कशी नाही समजली?’

मला इतका राग आला की रडूच आलं, आणि त्याचा आणखी राग आला. माझी तीन वर्षं, माझी खोली, बांधावर माझा हात धरून उभे असलेले बाबा, सगळं नाटक होतं आणि प्रेक्षक एकटी मी होते. बैठकीत मी काकीला सुनावत होते तेव्हा या माणसाला खरं माहीत होतं. दारात उभं राहून त्यानं ऐकून घेतलं. माझं हसं होऊ नये म्हणून दुसरीचं हसं होऊ दिलं.

‘सारं गाव समजते’ हे शब्द मात्र डोक्यातून जाईनात. दुसऱ्या दिवशी मी गटातल्या बायकांकडे गेले. पहिलीनं आधी आढेवेढे घेतले, मग पदर तोंडाला लावून हसली. ‘थोडासा टाकला ना वं युरिया. आता तू एवढी शिकलेली पोरगी सांगतेस, तं तोंडावर नाही कसं म्हनाव?’ दुसरीनंही टाकला होता. तिसरीनं तर पाकीटच अजून उघडलं नव्हतं, देवळीत ठेवलं होतं, अगरबत्तीच्या शेजारी. चौथीकडे मी गेले नाही. गावची मुलगी काही करते तर तिचं मन मोडायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. त्या रीतीनं सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं होतं, आणि जिनं माझ्यावर विश्वास ठेवला तिचंच पीक गेलं होतं.

काकी अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बोडी, युरिया, नळ्या, माझ्या वहीतलं वाक्य, सगळं. सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

‘मंग मायं का चुकलं?’

‘तुझं काहीच नाही चुकलं काकी. माझं चुकलं.’

‘ते जित्ते होते?’

‘सगळे.’

मला वाटलं आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘म्हंजे सगळ्यायले मालूम होतं. मले कोनीच नाही सांगतलं. रोवणीत शेजारी शेजारी वाकून होतो आमी, तरी नाही सांगतलं.’ मग सूप खाली ठेवलं. ‘तुनं सगळ्याय समोर मले म्हटलं होतं. आता सगळ्याय समोरच सांग.’

आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोन रात्री मी याच गोष्टीत घालवल्या. काकीची चूक नव्हती एवढंच सांगावं, बाबांचं नाव घेऊ नये, असंही मनात येऊन गेलं. पण तेवढ्यानं भागलं नसतं. मग बाबांची बांधी हिरवी कशी, हे कुणीही विचारलं असतं.

रविवारी दुपारी बैठक बोलावली. काकाही आले होते. मी सूक्ष्मदर्शक खिडकीच्या उजेडात ठेवला आणि आधी काकीला बोलावलं. तिनं डोळा लावला. बराच वेळ तिला काही सापडेना, मग एकदम म्हणाली, ‘अवं, हे तं पोहून रायले!’ मी सगळ्यांना सांगितलं की हे काकीच्या बांधीतल्या मुळांवरचे, हिनं एकही मारलेला नाही, युरिया बंद करा हे माझं सांगणं चुकीचं होतं, आणि ज्या बांधीकडे बोट दाखवून मी ते सांगितलं त्या बांधीत माझ्या बाबांनी पाकीट वापरलंच नव्हतं. बाबा मागच्या रांगेत बसले होते. मी त्यांच्याकडे बघूनच बोलले. गटातल्या बाकीच्या बायका जमिनीकडे बघत राहिल्या. त्यातली एकही म्हणाली नाही, मीबी टाकला होता. मी वाट पाहिली.

घरी जाताना बाबा माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. तलावाच्या काठच्या पाळीवर आल्यावर थांबले.

‘मी तुयं मन राखलं,’ ते म्हणाले. ‘तुनं मायं नाही राखलं.’

‘नाही राखलं,’ मी म्हटलं.

त्यानंतर बरेच दिवस आम्ही आईच्या मार्फत बोलत होतो. अजूनही ते बस स्टँडवर माझ्याबद्दल सांगतात की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या रोवणीला मी पुन्हा पाकिटं केली. या वेळी वहीतलं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं: युरिया थोडा कमी करा, बंद करू नका. बायका आल्या, पाकिटं घेतली, कपाळाला लावली. त्या काय करणार ते मला माहीत होतं, आणि मी विचारलंही नाही. काकी सगळ्यात शेवटी आली. तिला आता कुणी जंतुमारी म्हणत नाही. ती पुढे आली आणि तिनं हात पसरला.

‘दे मायं पाकीट.’

‘काकी, तू तरी नीट वापरशील ना?’

‘युरिया तं पुरा टाकीन,’ ती म्हणाली. ‘अन् हे टाकलं म्हनून सांगीन तुले.’

ती चिडून बोलली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर हसूही नव्हतं. मी पाकीट तिच्या हातात दिलं.